बिनकिल्लीचं कुलूप

ऑपरेटरबाईंनी शेवटचा स्क्रू दातांत धरला आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण दोन्ही हातांनी मागे ओढलं. झाकण सुटलं तसा धुळीचा लोट बाहेर आला. बाईंनी तोंड फिरवलं, पण स्क्रू सोडला नाही.

"अगं, निदान वायर तरी काढलीस का?" यजमानांनी दारातून विचारलं.

तोंडात स्क्रू असल्यामुळे बाईंना बोलता येईना. त्यांनी नुसता डावा हात वर केला. हातात काढलेली वायर होती.

"मी नाही बाबा आत येणार," यजमान म्हणाले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

टेबलावर पालथ्या ठेवलेल्या फोनमधून मुलगा बोलत होता. तो दूरच्या शहरात कॉम्प्युटरच्याच कंपनीत नोकरीला होता. हे यंत्र मूळचं त्याचं. आखूड झालेली पँट मागे ठेवून जावी तसा तो ते ठेवून गेला होता.

"आई, ऐकतेस ना? धूळ काढ, पेस्ट बदल, मोठा पंखा बसव. यंत्र थंड राहील. पण वेग काही वाढणार नाही. तो प्रोसेसर लॉक्ड आहे."

बाईंनी स्क्रू बशीत टाकला. "लॉक्ड म्हणजे?"

"कुलूपबंद. कंपनीनेच वेग बांधून दिलाय. त्याच्या वर जायचं नाही."

"आणि किल्ली?"

"किल्लीवाला वेगळा मिळायचा, महाग. आपण बिनकिल्लीचा घेतला होता."

"मग आतला माल वेगळा असतो का दोन्हींत?"

मुलगा जरा घुटमळला. "माल... तसा तोच असतो."

"म्हणजे कुलूप मालाला नाही घातलेलं," बाई म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला घातलंय."

दारात यजमान खोकले. तो खोकला हसण्याचा होता की काळजीचा, ते कळलं नाही.

"आई, तू ना... हे बघ, नवीन पाठवतो म्हटलंय ना मी? दोन महिने दम धर."

"शर्यत रविवारी आहे."

"एक शर्यत नाही खेळलीस तर काय आभाळ कोसळणार आहे?"

पंखा आणि त्याखालची हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारी धातूच्या पात्यांची जुडी, त्यांनी बोलता बोलता काढून बाजूला ठेवली होती. कापसाच्या बोळ्याने त्या प्रोसेसरच्या पाठीवरची, उष्णता वाहून नेणारी पण आता वाळलेली पेस्ट पुसू लागल्या. खालून चकचकीत धातू वर आला. टपाल तिकिटापेक्षा थोडा मोठा. त्यात त्यांना स्वतःचा चष्मा दिसला.

बाई एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बावीस वर्षं बसल्या होत्या. "थांबा, जोडून देते" हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल, त्याचा हिशेब देवालाही ठेवता आला नसता. मग एके दिवशी बोर्डाच्या जागी ध्वनिमुद्रित आवाज आला, अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा, आणि बाईंच्या हाती पुष्पगुच्छ आला. निवृत्तीला अजून अवकाश होता. पण गुच्छ एकदा हातात आला की खुर्ची परत मिळत नाही.

घरी बसून कंटाळलेल्या बाईंनी एका दुपारी मुलाच्या खोलीतला कॉम्प्युटर पुसायला घेतला आणि पुसता पुसता चालू केला. त्यात मोटारींच्या शर्यतीचा खेळ होता. टेबलाला स्टिअरिंगचं चाक आवळलेलं होतं, खाली पेडलं होती. पहिल्या दिवशी बाईंनी गाडी झाडावर घातली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या झाडावर. काही महिन्यांनी मात्र झाडं त्यांच्या वाटेला जाईनाशी झाली. एका हाताने फोन जोडायची खुंटी बसवायची, दुसऱ्याने लिहून घ्यायचं, एक कान एका ओळीवर आणि दुसरा दुसरीवर, हे बोर्डावर शिकलेलं सगळं इथे कामी आलं. यजमानांच्या स्कूटरवर मागे बसून त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं. त्या स्कूटरने चाळीसचा आकडा कधी ओलांडला नाही. सायकलवाले घंटी वाजवून पुढे जायचे. आता बाई मावळत्या उन्हात दोनशेच्या वेगाने वळण घेत आणि त्यांच्या कपाळावर आठीसुद्धा पडत नसे.

मग संघ मिळाला. तिघांनी मिळून एकच गाडी चालवायची, प्रत्येकाने पाऊण तास. कप्तान व्यवसायाने दंतवैद्य होता. दुसरा पाववाला, पहाटे भट्टीवर आणि दुपारी शर्यतीत. तिसऱ्या बाई. कोणी कोणाला पाहिलेलं नव्हतं. सगळी ओळख आवाजाची, आणि आवाजाच्या ओळखीत बाईंचा हात धरणारं कोण होतं? दोघंही त्यांना मावशी म्हणत.

खेळाची नवी आवृत्ती आली आणि यंत्र धापा टाकू लागलं. एकटी गाडी असली की ठीक. पंचवीस गाड्या एका वळणावर दाटल्या की चित्र डोळ्याची पापणी लवण्याइतकं अडायचं. मागच्या शर्यतीत ते असंच अडलं, आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा बाई दुसऱ्या संघाच्या टपावर होत्या.

"मावशी, राग मानू नका," कप्तान म्हणाला होता. दात काढायच्या आधी तो पेशंटशी असाच बोलत असणार. "अंतिमला आपण राखीव गडी उतरवू. तुमचा हात चांगलाच आहे. पण यंत्र..."

"हात चांगला असेल तर हात उतरव."

"दोनदा अडलं तर संयोजक आख्खी गाडी बाद करतात, मावशी."

"मग एकदा अडलं की मला बाहेर काढ. पण तोवर जागा माझी. राखीव गड्याला म्हणावं, तयार बस. आणि जेवून बस, भूक लागेल."

पाववाला तोंडात घास असताना हसला आणि त्याला ठसका लागला. कप्तानाने उसासा टाकला. "बरं. एक संधी."

त्या दिवसापासून बाई दुपारची झोप सोडून वाचत होत्या. एका बाजूला शब्दकोश, दुसऱ्या बाजूला जगभरच्या अनोळखी लोकांच्या चर्चा. समजलं ते असं. प्रोसेसरला एक मूळ ठोका असतो, आणि त्या ठोक्याची किती पट करायची तो दुसरा आकडा. कुलूप होतं ते त्या दुसऱ्या आकड्याला. मूळ ठोक्याला कोणी कुलूप घातलं नव्हतं, नुसतं दार लोटून ठेवलं होतं. यंत्र जागं होताना सगळ्यात आधी जे वाचतं, त्या बायोसची एक जुनी प्रत होती. तिच्यात ते दार ढकलता यायचं. कंपनीने पुढच्याच प्रतीत ते बंद केलं आणि जुनी प्रत मागे घेतली. पण जगात जपून ठेवणारी माणसं असतात. बाईंना ती मिळाली.

"ही प्रत चढवताना वीज गेली तर?" यजमानांनी दारातूनच विचारलं.

"तर यंत्राचा आतला मुख्य बोर्ड मेला."

"मेला म्हणजे?"

"म्हणजे त्याच्यावर कुंडी ठेवायची."

अडचण अशी होती की खालच्या मजल्यावर एक गवंडी भिंत फोडत होता, आणि त्याच्या यंत्राने आठवड्यात दोनदा इमारतीचा फ्यूज उडवला होता. बाईंनी पेन ड्राइव्ह लावला, पडद्यावर पट्टी सरकू लागली, आणि त्यांच्या ध्यानात आलं की खाली एकदम शांत झालंय. पट्टी निम्म्यावर आली, पाऊण झाली, भरली. यंत्र बंद होऊन पुन्हा चालू झालं. बाईंनी खिडकीतून डोकावून पाहिलं. यजमान खाली विटांच्या ढिगावर बसून गवंड्याशी बोलत होते. गवंड्याच्या हातात चहाचा पेला होता.

ते वर आले तेव्हा बाईंनी नुसतं पाहिलं.

"त्यासाठी नव्हतो गेलो," यजमान म्हणाले. "सिमेंट कुठलं वापरतोय ते विचारायला गेलो होतो."

"कुठलं वापरतोय?"

यजमानांना ते सांगता आलं नाही.

मूळ ठोका शंभराचा होता. बाईंनी तो पाचापाचाने वर नेला. एकशे पाच, एकशे दहा, एकशे पंधरा. दर वेळी यंत्र मुकाट्याने उठलं. एकशे वीसला उठलं. बाईंना हुरूप आला आणि त्यांनी एकदम एकशे तीस लिहिले. पडदा काळा झाला तो झालाच. पंखा फिरत होता, पण आत कोणी नव्हतं.

"गेलं?" यजमान म्हणाले. या वेळी त्यांचा एक पाय उंबरठ्याच्या आत होता.

"बेशुद्ध आहे."

बाईंनी वायर काढली, केसांतली पिन उपसली आणि बोर्डावरचा नाण्याएवढा सेल अलगद उचकटला.

"हा काढून ठेवला की ते शिकवलेलं सगळं विसरतं. मग पहिल्यापासून सांगायचं."

"माणसाला असा सेल नाही हे बरंय," यजमान म्हणाले. "नाहीतर तू माझा केव्हाच काढला असतास."

बाई हसल्या नाहीत. सेल तळहातावर घेऊन बसून राहिल्या. यजमान हळू आवाजात म्हणाले, "एवढं कशासाठी करतेस गं? खेळच तर आहे."

"हो, खेळच आहे."

"मग?"

"आयुष्यभर लोकांना थांबा म्हटलं," बाई म्हणाल्या. "मग मला थांबा म्हटलं, तेव्हा थांबले. आता हा दंतवैद्य म्हणतो थांबा, पोरगा म्हणतो थांबा, आणि हा एवढासा पत्र्याचा तुकडा म्हणतो थांबा. त्याच्या अंगात बळ आहे आणि त्याला सांगून ठेवलंय की नाही म्हणून. मला ते पटत नाही. बस."

त्यांनी सेल परत बसवला. एकशे बावीस लिहिले. यंत्र उठलं, आणि या वेळी पंचवीस गाड्या एका वळणावर सोडून पाहिल्या तरी चित्र पाण्यासारखं वाहत राहिलं.

पण पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा होता, तो शंभर दाखवत होता. यंत्र बंद केलं, गार होऊ दिलं, चालू केलं. चालू होताक्षणी शंभर. बाईंनी पुन्हा वाचायला घेतलं आणि कारण सापडलं. या वाटेने कुलूप उघडलं की उष्णता मोजणारा आतला भाग आंधळा होतो. यंत्र पळतं, पण आपला ताप सांगत नाही.

"म्हणजे गेज गेलं," यजमान म्हणाले.

"गेलं."

"बिनगेजचा बॉयलर मी पेटवू देणार नाही."

"हा बॉयलर नाही."

"तापतो ना? मग बॉयलरच."

यजमानांची सगळी नोकरी त्याच इस्पितळाच्या बॉयलरवर झाली होती. दर तासाला बॉयलरचा दाब टेलिफोन बोर्डाला कळवायचा आणि बोर्डाने तो आकडा परत म्हणून दाखवायचा, असा तिथला नियम. बॉयलरघरातला फोन भिंतीवर, त्याची वायर आखूड, आणि दाबाची तबकडी पाठीमागे. आकडा सांगायचा तर रिसीव्हर कानाला धरून मान मागे वळवावी लागे. बाकीचे कामगार कशाला वळवतात? "बॉयलर बोलतोय, सात," असं एका दमात सांगून मोकळे. तसा आकडा आला की बाई म्हणत, "मान वळवा, बघा, मग सांगा." एकच आवाज असा होता की "बॉयलर बोलतोय" आणि आकडा यांच्यामध्ये एक श्वास जायचा. मान वळवण्याइतका. दोन वर्षं बाई त्या श्वासाशी बोलल्या आणि मग त्याच्याशी लग्न केलं. तुमचं जमलं कसं, असं कोणी विचारलं तर दोघं खरं तेच सांगत. आकड्यांवर.

एकदा काटा तबकडीवरच्या तांबड्या रेघेला टेकला होता. वरून तीन फोन आले, अजून थोडा वेळ चालवा म्हणून. निदान दाब कमी आहे असं बोर्डाला कळवा, म्हणून. यजमानांनी मान वळवली, होता तो आकडा सांगितला आणि बॉयलर बंद केला. बढती गेली ती गेलीच, वर नाव पडलं, तांबडी रेघ. ते नाव घेऊनच ते निवृत्त झाले.

आता ते काही न बोलता आतल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा, डबे सरकवल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा हातात त्यांचा जुना तारेचा थर्मामीटर होता. लांब तार, टोकाला मणी, आणि दुसऱ्या टोकाला हातात मावेल एवढी आकड्यांची डबी. ते थेट उंबरठा ओलांडून आत आले, कॅबिनेटपाशी मांडी घालून बसले आणि मणी हीटसिंकच्या बुडाशी चिकटपट्टीने बसवला.

"आत याहून वीसेक जास्त असणार," ते म्हणाले. "ते जाऊ दे. इथे साठ म्हणजे आपली तांबडी रेघ. आकडा मी सांगणार. साठ म्हटलं की बंद करायचं. शर्यतीत असलीस तरी."

"शर्यतीत असले तरी?"

"तरी. वाद नाही. शब्द दे."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं. "दिला," त्या म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत त्यांनी यंत्र तापवून पाहिलं. डबीवर पंचावन्न असताना बाईंनी हीटसिंकच्या बुडाला बोट लावलं. बोट ठेवून "थांबा, जोडून देते" एवढं म्हणून होत होतं. मग काढावं लागत होतं.

रविवारी दुपारी कप्तानाने गाडी सुरू केली. ऊन मी म्हणत होतं. खोलीतली हवा जागची हलत नव्हती. कॅबिनेटचं झाकण उघडंच ठेवलं होतं आणि त्यापाशी यजमान डबी हातात घेऊन बसले होते. बाईंनी हेडफोन टेलिफोन बोर्डावर लावायच्या तसाच लावला, एक कान आत, एक कान बाहेर. आतल्या कानात संघ, बाहेरच्या कानात यजमान.

"मावशी, सातव्या नंबरवर देतोय गाडी," कप्तान पाऊण तासाने म्हणाला. "अडली की मी आत बोलावणार. रागवायचं नाही."

"रागवेन. पण येईन."

गाडी हातात आली. पहिलं वळण, दुसरं, मग लांब सरळ रस्ता. बाईंचे खांदे खाली आले. एक फेरी पुरी झाली तसा बाहेरच्या कानाशी आवाज आला.

"बॉयलर बोलतोय."

बाईंचे ओठ हलले. इतक्या वर्षांत हे शब्द त्यांनी ऐकले नव्हते. एक श्वास गेला.

"बावन्न."

"बावन्न, बरोबर."

पुढच्या फेरीला चोपन्न. मग छप्पन्न. दर वेळी तोच श्वास, आणि मग आकडा. पाववाला मध्येच म्हणाला, "मावशी, घरात कोण आकडे मोजतंय? लॉटरी लागलीय का?"

"तू तोंडातला घास संपव," बाई म्हणाल्या आणि सहाव्या गाडीला आतून मागे टाकलं.

निम्मा वेळ गेला असेल. पुढे दोन गाड्या एकमेकींना घासल्या, गरगर फिरल्या, आणि मागची सगळी रांग त्यांच्यावर दाटली. धूर, धूळ, मागचे लाल दिवे. मागच्या वेळी चित्र अडलं होतं ते असल्याच गर्दीत. बाईंनी श्वास रोखला. टेबलाखाली पंख्याचा आवाज चिरका झाला. चित्र अडलं नाही. धुरातून एक फट दिसली, गाडीच्या रुंदीपेक्षा जेमतेम बोटभर जास्त. बाईंनी तिच्यात गाडी घातली आणि पलीकडे निघाल्या.

"मावशी!" कप्तान ओरडला. दंतवैद्य ओरडू शकतो हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

"बॉयलर बोलतोय," बाहेरच्या कानाशी आवाज आला. श्वास गेला. "अठ्ठावन्न."

"अठ्ठावन्न, बरोबर."

अजून चार फेऱ्या. पुढे चौथी गाडी दिसत होती. मागून दोघं चिकटले होते. यंत्राला उसंत म्हणून नव्हती. तापलेल्या धातूचा आणि जुन्या धुळीचा वास बाईंच्या नाकाशी आला. फेरी पुरी झाली.

"बॉयलर बोलतोय, अठ्ठावन्न."

बाईंचा हात चाकावर क्षणभर घट्ट झाला. आकडा तोच होता. पण मध्ये श्वास नव्हता.

एक वळण गेलं, मग दुसरं. बावीस वर्षं जिभेवर बसलेलं वाक्य आपोआप ओठांशी आलं. मान वळवा, बघा, मग सांगा. ते म्हटलं की मान वळली असती, खरा आकडा आला असता, आणि शब्द दिला होता. आतल्या कानात राखीव गडी कोणाला तरी विचारत होता, मी तयार राहू ना? बाहेरच्या कानाशी काहीतरी सपसप हलत होतं, पुठ्ठ्यासारखं. बाईंनी मान वळवून पाहिलं नाही.

"अठ्ठावन्न," त्या म्हणाल्या. "बरोबर."

आणि पाय खाली दाबला.

पुढच्या फेरीलाही अठ्ठावन्न, एका दमात. त्याच्या पुढच्या वेळी तर फेरी पुरी व्हायच्या आतच आकडा आला. दर वेळी बाईंनी तो स्वच्छ, खणखणीत परत म्हटला, इस्पितळाच्या बोर्डावर म्हणत तसा, नोंद झाली म्हणून.

त्यांनी पाववाल्याच्या हाती गाडी दिली तेव्हा ती चौथी होती.

"एकदाही अडली नाही," कप्तान म्हणत होता. "मावशी, एकदाही नाही!"

"मी जेवायला जाऊ का मग?" राखीव गड्याने विचारलं.

"जा बाबा," कप्तान म्हणाला. "पुढचा मोसमभर जेव."

बाईंनी यंत्र बंद केलं, हेडफोन काढला आणि खुर्ची फिरवली. यजमान जमिनीवर बसले होते. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. हातात बुटांच्या खोक्याचं झाकण होतं आणि त्याने ते अजून कॅबिनेटला वारा घालत होते. थर्मामीटरची तार नीट गुंडाळून डबीसकट खिशात गेली होती.

बाई वाकल्या आणि त्यांनी हीटसिंकच्या बुडाला बोट लावलं. "थांबा" एवढंही म्हणून झालं नाही. त्यांनी बोट झटकन मागे घेऊन कानाच्या पाळीला लावलं. यजमान दुसरीकडे बघत वारा घालत राहिले.

फोन वाजला. मुलगा होता.

"काय गं, बंद पडलं ना?"

"चौथ्या नंबरवर दिली गाडी."

मग तो म्हणाला, "किती तापलं होतं? हीटसिंकपाशी किती होतं?"

"अठ्ठावन्न."

"शक्यच नाही. या दिवसांत? तू मला काहीतरी सांगतेस. बाबांना दे. ते काही खोटं बोलायचे नाहीत."

बाईंनी फोन पुढे केला. यजमानांनी झाकण खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठले, आणि भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. फोन त्यांनी जुन्या रिसीव्हरसारखा मुठीत धरला.

"बॉयलर बोलतोय," ते म्हणाले.

मग त्यांनी मान मागे वळवली. मागे भिंत होती, आणि भिंतीवर काहीही नव्हतं. तिच्याकडे त्यांनी एक श्वासभर नीट निरखून पाहिलं.

"अठ्ठावन्न."

बाईंचं बोट अजून कानाच्या पाळीलाच होतं.

"अठ्ठावन्न," त्या खुर्चीवरून म्हणाल्या. "बरोबर."